कंटिन्जन्सी प्लॅन आहे, म्हणजे बीसीपी आहे असं नाही

मदतकार्य करणाऱ्या संस्थांना डोनरचा फॉर्म भरताना हल्ली एक प्रश्न हमखास भेटतो: तुमचा बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन (बीसीपी) आहे का? उत्तर बहुतेक 'हो' असतं आणि सोबत जोडलेली फाइल असते कंटिन्जन्सी प्लॅनची. पूर आला तर किती किट, कुठून, किती तासांत. फाइल मेहनतीने केलेली असते, कधीकधी खरोखर चांगली असते. पण विचारलं एक होतं आणि दिलंय दुसरंच.

घोळ व्हायला कारणं आहेत. दोन्ही गोष्टी 'आणीबाणीची तयारी' या एकाच कपाटात ठेवल्या जातात, दोन्ही लिहायला बहुधा एकाच माणसाला सांगितलं जातं, आणि दोन्ही नावांत 'कंटि' येतं हेही आहेच. तरी फरक सोपा आहे. कंटिन्जन्सी प्लॅन विचारतो: लोकांवर संकट आलं तर आपण काय करायचं? बीसीपी विचारतो: संकट आपल्यावरच आलं तर आपल्या भरवशावर असलेल्या लोकांचं काय? पहिल्यात आपण धावून जाणारे असतो. दुसऱ्यात आपणच ढिगाऱ्याखाली असतो.

पहिल्या प्रकारचं चांगलं उदाहरण नेपाळचं. काठमांडू खोऱ्यात मोठा भूकंप होणार हे तज्ज्ञ कित्येक वर्षं सांगत होते. जागतिक अन्न कार्यक्रम आणि नेपाळ सरकार यांनी मिळून काठमांडूच्या विमानतळाजवळ मदतसाहित्य उतरवून घेऊन पुढे पाठवण्यासाठी एक तळ उभारला. तो सुरू झाला मार्च 2015 मध्ये. 25 एप्रिलला 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो तळ लगेच कामाला आला. संकट कोणतं, कुठे, त्या वेळी अडचण कशाची होईल, हे आधी ओळखून केलेली तयारी. कंटिन्जन्सी प्लॅनकडून याहून जास्त काय मागणार?

आता हैती. 12 जानेवारी 2010, तीव्रता 7.0. पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या ज्या ख्रिस्तोफर हॉटेलात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं मुख्यालय होतं, ती इमारतच कोसळली. मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी गेले, त्यांचे उपप्रमुखही गेले. त्या भूकंपात संयुक्त राष्ट्रांची एकूण 102 माणसं दगावली. देशाला ज्या दिवशी सर्वांत जास्त मदत हवी होती, त्याच दिवशी मदतीची घडी बसवणाऱ्यांमधलेच अनेक जण नाहीसे झाले. कोणताही कंटिन्जन्सी प्लॅन उघडून बघा, त्यात एक वाक्य न लिहिताच गृहीत धरलेलं असतं: 'आपण शाबूत आहोत.' बीसीपीची सुरुवात हे वाक्य खोडण्यापासून होते.

दोन्हींची रचनाही त्यामुळे उलटी असते. कंटिन्जन्सी प्लॅन धोक्यावरून लिहितात. पूर, दुष्काळ, कॉलरा, सीमेपलीकडून येणारे निर्वासित: प्रत्येकाचा वेगळा अंदाज, वेगळे आकडे. बीसीपी धोक्याच्या नावाने लिहायला घेतला की फसलाच. तो लिहायचा काय गेलं त्यावरून: माणसं गेली, जागा गेली, यंत्रणा किंवा माहिती गेली, पैसा आटला, पुरवठादार गेला. ऑफिसात पाणी शिरलं, पोलिसांनी इमारत सील केली किंवा मालकाने कुलूप घातलं, बीसीपीच्या दृष्टीने तिन्ही एकच: जागा गेली.

हा नुसता मांडणीचा मुद्दा नाही. 2025 च्या जानेवारीत काय झालं ते आठवा. 20 तारखेला अमेरिकेने परदेशी विकास मदत 90 दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच चालू कामं थांबवण्याच्या सूचना निघाल्या. जीवनरक्षक मदतीला सूट जाहीर झाली खरी, पण पैसे पोचवणारी यंत्रणाच ठप्प असल्याने अनेकांच्या बाबतीत ती कागदावरच राहिली. ना भूकंप, ना पूर, ना युद्ध. धोक्यांच्या यादीत हे लिहायचं तरी कोणाला सुचणार होतं? पण 'सर्वांत मोठ्या डोनरचा पैसा उद्या थांबला तर पहिले 30 दिवस काय चालू ठेवायचं' हा प्रश्न विचारायला कारण ठाऊक असावं लागत नाही. अफगाणिस्तानात ऑगस्ट 2021 मध्ये सत्ता बदलली तेव्हा निराळंच झालं: संस्थांच्या खात्यात पैसे होते, पण बँकांतून रोकड निघेना. कारण वेगळं, पण रकाना तोच, पैसा आटला.

बीसीपीचा गाभा म्हणजे कोणतं काम किती काळ बंद राहिलेलं चालेल, हे ठरवणं. आयएसओ 22301 हे या विषयाचं आंतरराष्ट्रीय मानक. 2012 साली ते आलं आणि 2019 साली सुधारलं गेलं. ते कोणत्याही संस्थेला लागू पडावं अशा बेताने लिहिलंय, पण बीसीपी लिहायला बसणारे लोक हे काम बहुधा कंपन्यांमध्ये शिकलेले असतात. तिथे बंद पडलेल्या तासाचा तोटा पैशांत निघतो. मदतसंस्थेत तो माणसांत काढावा लागतो आणि तिथे गणित एकदम बदलतं.

वीस हजार लोकांची छावणी घ्या. मदतकार्याचा किमान दर्जा ठरवणाऱ्या स्फिअर मानकानुसार माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, म्हणजे 3,00,000 लिटर. दहा हजार लिटरचे टँकर असतील तर रोज 30 खेपा. हे काम किती वेळ थांबलेलं चालेल? एक दिवससुद्धा नाही, कारण दुसऱ्या दिवशी लोक जवळच्या डबक्यातलं पाणी भरतात आणि आठवड्याभरात जुलाबाचे पेशंट रांगेत उभे राहतात. एचआयव्हीच्या गोळ्यांचं उत्तर निराळं. पेशंटच्या घरी तीन महिन्यांच्या गोळ्या दिलेल्या असतील तर बराच अवधी आहे. महिन्याच्या दिल्या असतील तर कमी, आणि खंड पडला की औषधाला दाद न देणारा विषाणू वाढण्याचा धोका. म्हणजे ऑफिस बंद पडायच्या कितीतरी आधी, गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या या निर्णयातच सातत्याची तजवीज झालेली असते. शिवणकामाचं प्रशिक्षण? दोन महिने थांबलं तरी कोणाचा जीव जात नाही. हे बैठकीत मोठ्याने म्हणायला कोणालाच आवडत नाही, कारण प्रशिक्षणवाली टीम समोर बसलेली असते. पण बीसीपी हा मुळात काय बंद करायचं याचाही कागद आहे. 'सगळंच अत्यावश्यक' असं लिहिलेला बीसीपी सरळ परत पाठवावा.

मोजमाप माणसांत करणं म्हणजे काय, ते रेडक्रॉसच्या एका अनुभवातून कळतं. जानेवारी 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या लक्षात आलं की आपल्या सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलंय. युद्धात, आपत्तीत, स्थलांतरात ताटातूट झालेल्यांसह 5,15,000 हून अधिक लोकांची माहिती त्या घुसखोरांच्या हाती लागली होती. समितीने ती यंत्रणाच बंद केली. हीच यंत्रणा हरवलेल्यांचा शोध घ्यायला वापरत. रेडक्रॉस-रेडक्रेसेंटचं जाळं रोज सरासरी 12 हरवलेल्या माणसांची घरच्यांशी गाठ घालून देतं, असं समितीने त्या वेळी सांगितलं. म्हणजे शोधाचं काम एक दिवस थांबणं याचा अर्थ सरासरी 12 गाठी न पडणं. मधल्या काळात त्यांनी साध्या स्प्रेडशीटवर गरजेपुरतं काम चालू ठेवलं. याला म्हणतात कमी क्षमतेवर चालवणं. दिसायला ओबडधोबड, पण चालू.

याच प्रसंगात एक अडचणही दडलेली आहे, जी कंपन्यांना इतकी टोचत नाही. कंपनीचा सल्लागार म्हणेल, याद्यांच्या प्रती चार ठिकाणी ठेवा. पण यादीत कोणाची नावं आहेत? पळून आलेल्यांची, छळातून सुटलेल्यांची. ती यादी कोणाच्या घरी छापील स्वरूपात ठेवली आणि चुकीच्या हाती गेली, तर सातत्य राखण्याच्या नादात माणसाचा जीव जायचा. म्हणून इथे प्रत काढण्याआधी ठरवावं लागतं की काम चालू राहायला किमान कोणती माहिती पुरे. टँकरला छावणीचा विभाग आणि माणसांची संख्या पुरते, नावं लागत नाहीत.

आता ज्या जागी हे दोन कागद एकमेकांवर आदळतात तिथे येऊ. कारखान्याला आग लागली तर गिऱ्हाईक थांबतं, नाहीतर दुसऱ्याकडे जातं. मदतसंस्थेचं तसं नाही. ज्या भूकंपाने ऑफिस पाडलं, त्यानेच दारातली रांग दसपट केलेली असते. बीसीपी म्हणतो, अर्ध्या माणसांत भागवा. कंटिन्जन्सी प्लॅन म्हणतो, दुपटीने काम करा. दोन्ही एकाच सकाळी लागू होतात, आणि दोन्हींत नाव त्याच माणसाचं असतं. मी तरी आता असे कागद वाचताना आधी एवढंच करतो: दोन्ही शेजारी ठेवून नावांखाली रेघा मारतो. लॉजिस्टिक्सचा एकच माणूस बीसीपीत 'पर्यायी ऑफिस उभं करणार' आणि कंटिन्जन्सीत 'पहिल्या 24 तासांत फील्डवर जाणार' असतो. तीच गाडी, तेच गोदाम, तोच सॅटेलाइट फोन. प्रत्येक कागद एकेकटा वाचला तर निर्दोष.

एका टेबलटॉप सरावाला, म्हणजे संकट आलंय असं कल्पून टेबलाभोवती बसून करायच्या सरावाला, बसलो होतो. प्रसंग मुद्दाम किरकोळ ठेवला होता: इमारतीला तडा गेलाय, पाच दिवस आत जायला मनाई, कोणाला इजा नाही. पहिली दहा मिनिटं सगळे निवांत, लॅपटॉप घरीच आहेत म्हणून. मग अकाउंट्सवाल्या बाई म्हणाल्या, "चेकबुक कपाटात आहे." पाठोपाठ, "बँकेचं टोकनही." सही करणारे दोघे, त्यांतले एक रजेवर देशाबाहेर. टँकरवाल्याचं बिल दर आठवड्याला चुकतं व्हायचं आणि ते दोनच दिवसांवर आलेलं. एकाने विचारलं, त्याचा नंबर कोणाकडे आहे? नंबर शेअर्ड ड्राइव्हवर होता आणि ड्राइव्हचा सर्व्हर त्याच इमारतीत. अखेर एका ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये तो सापडला. ड्रायव्हर सरावाच्या यादीत नव्हता, चहा घेऊन आला होता. त्या संस्थेचा कंटिन्जन्सी प्लॅन साठ पानी होता आणि मला तो आवडलाही होता.

सिक्युरिटी प्लॅन आणि आयटीचा डिझास्टर रिकव्हरी प्लॅन हे आणखी दोन भाऊबंद. पहिला माणसांना इजा होऊ नये यासाठी, दुसरा यंत्रणा पुन्हा उभी करण्यासाठी. दोन्ही बीसीपीला जोडलेले असतात, पण त्याची जागा घेत नाहीत. यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

शाई खर्चावी ती 'काम चालू राहिलं' या वाक्यावर. 19 ऑगस्ट 2003 ला बगदादच्या कॅनॉल हॉटेलातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयावर बॉम्बहल्ला झाला. 22 जण मारले गेले, त्यांत मोहिमेचे प्रमुख सर्जिओ व्हिएरा द मेलो होते. हा दिवस पुढे जागतिक मानवतावादी दिन झाला. हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्मचारी देशाबाहेर हलवले गेले आणि काम इराकी कर्मचाऱ्यांच्या बळावर चालू राहिलं. अशा ठिकाणी बीसीपीत सहजपणे लिहिलं जातं: 'काम स्थानिक भागीदारांकडे सोपवणे.' कागदावर ही एक ओळ असते. प्रत्यक्षात धोका तेवढाच राहतो, फक्त खांदे बदलतात. मदतकार्यात मारल्या जाणाऱ्यांत प्रचंड बहुसंख्य लोक त्याच देशाचे असतात. म्हणून त्या ओळीपुढे प्रश्न लिहिलेले हवेत: त्यांचा विमा कोण काढणार, पगार आगाऊ दिलाय का, 'आज नाही जात' म्हणायचा हक्क त्यांना आहे का, आणि ते म्हटल्यावर पुढच्या करारात त्यांचं नाव राहील का?

तेव्हा फॉर्ममधला तो रकाना पुन्हा समोर आला की फाइल जोडण्याआधी तिचं कोणतंही पान उघडा. समजा तिथे लिहिलंय, '48 तासांत गोदामातून 2,000 किट रवाना.' त्या वाक्याला विचारा: गोदामाची चावी कोणाकडे, तो माणूस सापडला नाही तर दुसरी चावी कुठे, गोदामच पडलं तर किट कोणाकडून, आणि ट्रकवाल्याला पैसे कोणाच्या सहीने? फाइलमध्ये ही उत्तरं सापडली तर खुशाल जोडा, मग तिच्या मुखपृष्ठावर कोणतंही नाव असो. नाही सापडली तर रकान्यात 'काम सुरू आहे' असं लिहा, आणि आधी त्या ड्रायव्हरला बैठकीला बोलवा.