मनगटात लपलेलं बळ: हापकिदोची गोष्ट

१९४८ साली कोरियातल्या देगू शहरात, दारूच्या एका कारखान्यात डुकरांसाठी धान्याचा चोथा न्यायला आलेल्या माणसाशी तिथल्या काही जणांची बाचाबाची झाली. शब्दानं शब्द वाढला आणि प्रकरण हातघाईवर आलं. चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसानं अंगावर आलेल्यांना आडवं केलं. कारखानदाराचा मुलगा सो बोक-सोप हे सगळं पाहत होता. तो स्वतः ज्युदोतला ब्लॅक बेल्ट, पण हे डाव त्याच्या ओळखीचे नव्हते. त्यानं त्या माणसाला बोलावून घेतलं, धान्य आणि पैसे देऊ केले आणि म्हणाला, मला शिकवा.

त्या माणसाचं नाव चोई योंग-सुल. पुढे १९५१ मध्ये या दोघांनी देगूमध्ये शाळा काढली आणि तिथून जी युद्धविद्या पसरली तिला आज आपण हापकिदो म्हणतो. ‘हाप’ म्हणजे जुळवणं, ‘कि’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. चिनी लिपीत हे नाव लिहिलं तर ते ‘आयकिदो’ या जपानी युद्धकलेच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं, आणि हा निव्वळ योगायोग नाही.

कोरिया १९१० ते १९४५ या काळात जपानच्या ताब्यात होता. चोईंच्या सांगण्यानुसार ते लहानपणीच जपानला गेले आणि दाइतो-र्‍यू या जुन्या युद्धकलेचे आचार्य ताकेदा सोकाकु यांच्या घरी वाढले. आयकिदोचे जनक मोरिहेइ उएशिबा हेही याच ताकेदांचे शिष्य. अडचण एवढीच, की ताकेदा आपल्या शिष्यांच्या वह्या फार काटेकोर ठेवत आणि त्या वह्यांमध्ये चोईंचं नाव सापडलेलं नाही. चोईंचे समर्थक म्हणतात, घरात नोकरासारखं राहणाऱ्या कोरियन मुलाची नोंद कोण करणार? हा वाद अजून मिटलेला नाही. मला मात्र कागदापेक्षा डावांची साक्ष जास्त बोलकी वाटते: मनगट आणि कोपराच्या पकडी दोन्हीकडे इतक्या सारख्या आहेत, की मूळ एकच असावं हे मान्य करावंच लागतं.

तरीही हापकिदो म्हणजे कोरियात आलेलं आयकिदो नव्हे. चोईंचे शिष्य जी हान-जे आणि त्यांच्या पिढीतल्या मंडळींनी त्यात लाथांचा मोठा साठा घातला. शिवाय आखूड काठी, हातातली चालायची काठी आणि कमरेचा पट्टासुद्धा वापरायला शिकवलं. जी हान-जे यांनी दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या अंगरक्षकांना ही विद्या दिली. अंगरक्षकाचं काम गुण मिळवण्याचं नसतं, समोरच्याला झटकन निकामी करण्याचं असतं. हापकिदोत आजही स्पर्धेपेक्षा स्वसंरक्षणावर भर दिसतो तो त्यामुळेच.

या विद्येचे तीन आधार सांगतात: ‘यू’, म्हणजे पाण्यासारखं वाहणं, ‘वोन’, म्हणजे वर्तुळ, आणि ‘ह्वा’, म्हणजे समोरच्याच्या जोराशी जुळवून घेणं. ऐकायला हे अध्यात्म वाटतं, पण त्यातलं बरंचसं आपल्या हाडा-स्नायूंच्या रचनेत सापडतं.

घरातलं लाटणं हातात घट्ट धरा. आता मनगट आतल्या बाजूला जमेल तितकं वाकवा आणि कुणाला तरी लाटणं ओढायला सांगा. ते सहज निसटेल, मग तुमची पकड एरवी कितीही मजबूत असो. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटावरून पुढे जाऊन बोटं ओढतात. मनगट आत वाकलं की या दोऱ्या सैल पडतात. स्नायू आधीच आखडलेला असल्यानं त्याला आणखी ओढायला जागा उरत नाही. त्याच वेळी हाताच्या मागच्या बाजूच्या कंडरा ताणल्या जातात आणि बोटं उघडू पाहतात. चाकू धरलेला हात पकडला की हापकिदोत आधी मनगट वाकवायला शिकवतात, ते यासाठी.

मनगट कुणी पकडलं तर सुटायचं कसं, याचं उत्तरही असंच आहे. पकडीत एका बाजूला चार बोटं असतात, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. दोघांची टोकं जिथे भेटतात ती फट सर्वांत कच्ची. नवखा माणूस हात सरळ मागे ओढतो, म्हणजे पाचही बोटांशी एकदम झगडतो. शिकलेला माणूस हाताची चपटी बाजू फिरवून अरुंद कड त्या फटीसमोर आणतो आणि कोपर पुढे सरकवतो. मग त्याचा अख्खा हात तरफेसारखा अंगठ्यावर चालतो. एका अंगठ्याविरुद्ध सगळं शरीर, अशी ही लढत असते.

तरफेचा हिशेब आपल्या शरीरात मुळातच आपल्याविरुद्ध आहे. दंडाचा पुढचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर जोडलेला असतो, आणि तळहात ३० सेंटिमीटरहून लांब. म्हणून ५ किलोची पिशवी धरायला त्या स्नायूला त्याच्या सहा-सात पट जोर लावावा लागतो. ही रचना वेगासाठी छान, ताकदीसाठी महागडी. हापकिदोवाला जोर लावतो तो तळहाताच्या टोकाशी, आणि प्रतिस्पर्ध्याला विरोध करावा लागतो सांध्याजवळून. किरकोळ अंगाचा माणूस धिप्पाडाला गुडघ्यावर आणतो, त्यामागे हे गणित आहे. मनगटात ८ छोटी हाडं अस्थिबंधांनी बांधलेली असतात आणि ती दुखावू शकतात, म्हणून सरावात जोडीदारानं ‘पुरे’ अशा खुणेची हातानं थाप दिली की त्या क्षणी सोडायचं हा नियम कडक असतो. गुरूशिवाय हे डाव कुणावरही करू नयेत.

‘कि’चं काय? नाभीच्या थोडं खाली ‘दानजोन’ नावाचं स्थान मानतात आणि श्वास तिथून घ्यायला सांगतात. अशी वेगळी शक्ती कुठल्या उपकरणावर मोजली गेलेली नाही. मात्र उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण तिथेच, ओटीपोटाच्या पातळीवर असतो. तिथे लक्ष ठेवून हालचाल करणारा माणूस खांद्यांऐवजी कमरेतून वळतो आणि सहसा तोल जाऊ देत नाही. शांत, लांब उच्छ्वासानं हृदयाचे ठोके मंदावतात हेही खरं. जुन्या गुरूंनी अनुभवातून योग्य जागी बोट ठेवलं, स्पष्टीकरण त्यांच्या काळातलं दिलं.

या विद्येतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र ‘नाकबोप’, म्हणजे पडण्याची कला. नवशिक्याला आधी हेच शिकवतात. हनुवटी छातीशी, श्वास बाहेर, पाठ गोल, आणि अंग लाकडासारखं ताठ न ठेवता चाकासारखं लोळवायचं. एक मीटरवरून पडणारं शरीर जमिनीला सेकंदाला ४.४ मीटर वेगानं भिडतं. तो वेग शून्यावर यायला पाचपट वेळ मिळाला, तर सरासरी आघात एक पंचमांश उरतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी युद्धकलांमधली अशी पडण्याची पद्धत मोजून पाहिली, तेव्हा बाजूला पडताना खुब्यावर बसणारा मार सुमारे पाव हिश्शानं कमी झाला. तळहात जमिनीवर आपटला काय, न आपटला काय, फारसा फरक पडला नाही. काम केलं ते अंग गोल वळवून लोळण्यानं.