तळं गाईंनी प्यायलं का उन्हानं?

एप्रिल उजाडला की माण-खटाव घ्या नाहीतर जत-आटपाडी, गोठ्यावर एकच बोलणं, "जनावरांना पाणी पुरंना, दोन गाई काढाव्या लागतील." शेततळं खाली गेलेलं दिसतंच, त्यामुळं हे कुणाला खोटं वाटत नाही. पण हिशोब मांडून बघा की.

आधी पावसाचं माप, कारण तळ्याचा हिशोबपण त्याच मिलिमीटरमध्ये (मिमी) करायचाय. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, गुंठ्याला साधारण 101 लिटर. मोजायला सरळ उभ्या भिंतीचं कुठलंही भांडं चालतं, फक्त ते मोकळ्यात ठेवा, झाडाच्या किंवा गोठ्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. गोठ्याच्या पत्र्यावर नको, तिथं वारं थेंब उडवून नेतं आणि माप कमी भरतं. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खात्याची वेळ तीच. जिल्ह्याच्या सरासरीवर तर जाऊच नका, एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला 5000 मिमीच्या वर पडतो आणि दहिवडीकडं 500 च्या आसपास. (मृगाचं वाहन यंदा बेडूक का गाढव यावर पारावर तासभर चर्चा चालते. कशावरपण बसून येऊ दे, भांड्यात पडला तेवढाच खरा.)

आता तळं 30 बाय 30 मीटरचं धरू, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर. दहा संकरित दुभत्या गाई, उन्हाळ्यात प्रत्येकी दिवसाला 80 लिटर पाणी. दुधात 87 टक्के पाणीच असतं, त्यात हिरव्या मक्याऐवजी वाळला कडबा टाकला की अजून जास्त पितात. तरी झाले 800 लिटर, भागिले 900, म्हणजे पातळी 1 मिमीसुद्धा उतरत नाही!

आणि मे महिन्यात आपल्या कोरड्या पट्ट्यात बाष्पीभवनानं दिवसाला 7 मिमी सहज जातं. 6300 लिटर.

मला यातली गंमत वाटते ती ही, की पाणी उडायला उकळावं लागत नाही. पाण्यातले सगळे रेणू सारख्या वेगानं पळत नसतात, पृष्ठभागावरचे जे जोरात असतात ते बाकीच्यांची ओढ तोडून सुटतात, आणि जाताना उष्णता घेऊन जातात, किलोला 2450 किलोज्यूल, तेच किलोभर पाणी 25 अंशावरून उकळीला आणायला लागते त्याच्या जवळपास आठपट. ही उष्णता उन्हातनं येते, 7 मिमीला चौरस मीटरमागं 17 मेगाज्यूल. पण नुसतं ऊन असून भागत नाही, सुटलेली वाफ पाण्यावरच थांबली तर त्यातले बरेच रेणू परत पाण्यात येतात, म्हणून कोरडं वारं ती वाफ सतत बाजूला ढकलत राहिलं की काम जोरात चालतं. आणि दिवसभर तापलेलं पाणी रात्रीपण वाफ सोडत राहतं, तळं अंधारातसुद्धा आटतं.

पटत नसेल तर तळ्याच्या कडेला मिमीच्या खुणांची पट्टी रोवा. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं असेल तर झिरपणं जवळपास नसतंच, मग कालची पातळी अधिक पाऊस, वजा मोटरनं उपसलेलं, वजा आजची पातळी, उरलं ते उन्हा-वाऱ्यानं नेलेलं. सगळं मिमीतच, फक्त उपसलेल्या लिटरला त्या दिवशीच्या पृष्ठभागानं भागायचं, कारण उताराच्या भिंतीमुळं तो रोज थोडा आकसतो.

म्हणून तळं पसरट करण्यापेक्षा खोल करा, पश्चिमेच्या वाऱ्याला आडवी झाडं लावा, जमलं तर शेडनेट ताणा. गाय विकून वाचतं दिवसाला 0.1 मिमीपेक्षा कमी.