धोका नेमका कुठे असतो?

नाशिकच्या सिडकोत किंवा नाशिकरोडला रात्रीतून रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फुटल्या, की सकाळी चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो: कोणीतरी माथेफिरू असणार. पुढे पोलीस ज्यांना धरतात ती अनेकदा गल्लीतल्या वर्चस्वाच्या भांडणातली, प्यायलेली पोरं निघतात. तोवर बातमी शिळी झालेली असते. पण ज्या घरात खरोखर कोणी मनोविकारावर गोळ्या घेतंय, त्या घराकडे वळलेल्या नजरा लवकर हटत नाहीत. विनाकारण हिंसा झाली म्हणजे मानसिक आजार, आणि मानसिक आजारातला सगळ्यात भयंकर तो स्किझोफ्रेनिया, असा हा सोपा हिशेब. तो चुकीचा आहे. मात्र तो खोडून काढताना 'या रुग्णांकडून कधीच काही होत नाही' असं सांगणंही बरं नाही. ते खरं नाही, आणि चार रात्री जागून काढलेल्या आईला ते पटणारही नाही. धोका थोडा असतो, पण आपण शोधतो तिथे तो नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती. तेच प्रमाण इथे लावलं तर जिल्ह्यात वीस हजारांच्या आसपास रुग्ण असायला हवेत. यातले आपल्याला किती माहीत आहेत? हा आजार माणसाला मुळातच हिंसक करत असता, तर वीस हजारांचा सुगावा एव्हाना सगळ्या जिल्ह्याला लागला असता.

आजार बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास डोकं वर काढतो. सिनेमात दाखवतात तशी एका देहात दोन माणसं वगैरे यात नसतात. तो निराळाच प्रकार आहे. इथे नसलेले आवाज ऐकू येतात, ठाम संशय बसतो, विचारांचा धागा तुटतो. पण वर्षानुवर्षं घरच्यांना जे सोसावं लागतं ते बहुतेक वेळा याहून शांत असतं: आंघोळ नको, बोलणं नको, मित्र नकोत, दिवसभर त्याच कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. शेजाऱ्यांना आजाराचा हा मोठा भाग दिसतच नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

आवाजांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण 'डोक्यातला आवाज मार म्हणतो आणि हा मारतो' ही कल्पना लोकांच्या मनात पक्की बसली आहे. आपण मनातल्या मनात सतत बोलत असतो आणि 'हे मीच बोलतोय' अशी खूण मेंदू स्वतःला देत असतो. ही खूणच गडबडली, तर स्वतःचेच शब्द बाहेरून आल्यासारखे ऐकू येतात, असं एक महत्त्वाचं स्पष्टीकरण आहे. जोडीला डोपामिन या रसायनाचा तोल जातो. त्यामुळे शेजाऱ्याचं खोकणं, बसचा नंबर, टीव्हीवरच्या निवेदकाची नजर अशा बिनमहत्त्वाच्या गोष्टी 'हे माझ्यासाठीच आहे' असं वाटण्याइतक्या ठसठशीत होतात. मग तो आवाज काय बोलतो? तान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई अशा तीन ठिकाणी प्रत्येकी २० रुग्णांना हेच विचारलं. अमेरिकनांचे आवाज बरेचदा अनोळखी होते आणि मारझोड, युद्ध, छळ असलं बोलत. चेन्नईत मात्र अनेकांना नात्यातल्या माणसांचे आवाज येत होते. ते रागावत, उपदेश करत, आंघोळ कर, स्वयंपाक कर, दुकानात जाऊन ये म्हणत. भासातही आपल्याकडे वडीलधारी मंडळी पिच्छा सोडत नाहीत! विनोद सोडा, पण भास हे भोवतालच्या समाजाचं बोलणं उचलतात. खुनाचा हुकूम आजार आपल्यासोबत घेऊन येत नाही.

आता आकडे. मनोविकारतज्ज्ञ सीना फझेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्वीडनमधल्या ८,००३ रुग्णांची तिथल्या सर्वसामान्य लोकांशी तुलना प्रसिद्ध केली. रुग्णांपैकी १३.२ टक्क्यांवर कधी ना कधी हिंसक गुन्हा सिद्ध झाला होता, बाकीच्यांमध्ये ५.३ टक्क्यांवर. म्हणजे जवळजवळ अडीचपट. बरेच जण इथेच वाचन थांबवतात. पुढची ओळ अशी आहे: ज्या रुग्णांना दारू किंवा इतर नशेचं व्यसन होतं त्यांच्यात हे प्रमाण २७.६ टक्के, आणि व्यसन नसलेल्यांत ८.५ टक्के. व्यसनी रुग्णांना त्यांच्याच निरोगी भावंडांशेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा फरक आणखी आक्रसला. म्हणजे त्यातला काही वाटा घराचा, परिस्थितीचा होता. ज्याला आपण आजाराचा दोष म्हणतो त्याचा मोठा भाग बाटलीचा निघाला. अमेरिकेत जेफ्री स्वान्सन यांनी १९९० च्या दशकात उलट बाजूने हिशेब मांडला होता: गंभीर मानसिक आजार उद्या नाहीसे झाले, तर समाजातली हिंसा सुमारे ४ टक्क्यांनी कमी होईल. उरलेली ९६ टक्के आपली आपल्यापाशीच राहील.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वेळेचा मुद्दा. ओलाव नील्सन आणि मॅथ्यू लार्ज यांनी २०१० मध्ये निरनिराळ्या देशांची माहिती एकत्र केली. आजार पहिल्यांदा उफाळलेला आणि उपचार अजून सुरू न झालेला, या टप्प्यात साधारण ६३० रुग्णांमागे एकाच्या हातून खून घडला होता. उपचार सुरू झाल्यानंतर हे प्रमाण वर्षाला सुमारे ९,००० रुग्णांमागे एक इतकं खाली आलं. त्यातही अनोळखी माणूस बळी पडणं फारच विरळ: वर्षाला सुमारे १ कोटी ४३ लाख लोकसंख्येमागे एक. रस्त्यावर दिसलेल्या ज्या माणसाला आपण घाबरतो, त्याच्याकडून आपल्याला असलेला धोका एवढा. थोडक्यात, धोका साचतो तो उपचाराविना गेलेल्या महिन्यांत. आणि ते महिने वाढतात कशाने? याच भीतीने.

हे कसं होतं ते पाहा. सातपूरच्या एखाद्या कंपनीत लागलेला, आयटीआय केलेला तेवीस वर्षांचा मुलगा धरा. हा कोणी एक नव्हे, पण याची गोष्ट अनेक घरांची आहे. तो म्हणू लागतो, लाइनवरची पोरं माझ्याविषयी खुणा करतात. मग नोकरी सोडतो. आईने वाढलेलं ताट आधी तिला खायला लावतो. घरात सगळ्यांना कळतं की काहीतरी बिनसलंय. पण मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं की शिक्का बसणार, बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडणार, घरमालक खोली सोडायला सांगणार. त्यापेक्षा 'बाहेरचं' म्हणणं परवडतं. बाधेला निदान घराण्याचा दोष लागत नाही. मग त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी होतो, कोणीतरी सांगितलेला भगत होतो, लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल हा सल्लाही होतो. पूजेने घरच्यांच्या मनाला उभारी येत असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यात गेलेल्या दीड-दोन वर्षांबद्दल आहे. शेवटी एका रात्री टीव्हीतून शिव्या येतात म्हणून तो टीव्ही फोडतो, अडवायला गेलेल्या वडिलांना ढकलतो, आणि सगळी चाळ म्हणते, 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?'

याच मुलाला पहिल्या दोन महिन्यांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर ती रात्र बहुधा आलीच नसती. फझेल यांच्याच २०१४ च्या अभ्यासात तेच रुग्ण औषध घेत असताना आणि घेत नसताना अशी तुलना होती. औषध चालू असलेल्या काळात हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी होते. गोळ्यांना त्रास आहेतच: वजन वाढतं, झोप येते, हात थरथरतात, आणि म्हणूनच बरं वाटायला लागलं की त्या बंद होतात. त्यावर डॉक्टर औषध किंवा डोस बदलून देतात. पंधरवड्याने किंवा महिन्याने घ्यायची इंजेक्शनंही आहेत. आपल्याकडे अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं, ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं. वास्तविक बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही, ओपीडीतून उपचार होतात.

शिवाय मार कोण खातं तेही बघायला हवं. लिंडा टेप्लिन यांनी शिकागोत गंभीर मानसिक आजार असलेल्यांची पाहणी केली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार आधीच्या एका वर्षात त्यातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक स्वतःच हिंसक गुन्ह्याचे बळी ठरले होते, सर्वसामान्यांच्या ११ पट. शिकागो दूर राहिलं. २०१८ च्या जुलैत शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्यात, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते मनोरुग्ण नव्हते, फक्त अनोळखी होते. आता अशाच अफवेच्या दिवसांत जो माणूस एकटा पुटपुटत फिरतो आणि विचारलेल्या प्रश्नाचं धड उत्तर देत नाही, त्याचं काय होत असेल?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्याला त्यात बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गोदाघाटावर, रामकुंडाच्या आसपास बेवारस फिरणाऱ्यांत काही जण आजारी असतात. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत अशांची भर पडणार हे उघड आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस असा भटकताना आढळला, तर त्याला संरक्षणात घेणं ही कायद्याने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत डांबता येत नाही. घरातलं माणूस बिथरलं असेल तर भोवती गर्दी होऊ देऊ नका, त्याच्या संशयावर वाद घालू नका, आवाज खाली ठेवा, बाहेर पडायची वाट मोकळी सोडा. जिवावरचं असेल तर थेट ११२ लावा. तसं नसेल आणि काय करावं सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. फोन फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.