केगावचं विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं का?

सोलापूर स्टेशनवर रिक्षावाल्याला 'विद्यापीठ' म्हटलं की तो पुणे रोड धरतो, बाळे मागे टाकतो आणि केगावला आणून सोडतो. पन्नाशी ओलांडलेली माणसं त्याच जागेला अजून 'पीजी सेंटर', म्हणजे पदव्युत्तर केंद्र, म्हणतात. आजच्या विद्यापीठ परिसराचा इतिहास या जुन्या नावापासून सांगावा लागतो.

त्याआधीचं थोडक्यात. शहरात दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झालं, संगमेश्वर १९५३ साली. कॉलेजं इथली, पण विद्यापीठ कायम दुसऱ्या गावचं. आधी मुंबई, १९४९ पासून पुणे आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापूर. गिरण्यांच्या या गावात पदवीचा कागद नेहमी बाहेरून यायचा.

कोल्हापूरशी जोडलेली चार दशकं आमच्या पिढीने जवळून पाहिली. मंगळवेढा, सांगोला, मिरज, सांगली असं करत एसटीने सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जायचं. गुणपत्रिकेतली नावाची चूक दुरुस्त करायला मी एकदा रात्रीच्या गाडीने निघालो होतो. आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून दिली होती. पहाटे कोल्हापूर स्टँडवर तोंड धुतलं, कचेरी उघडेपर्यंत महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोरच्या बागेत बसून राहिलो. खिडकीवरचं काम पंधरा मिनिटांत झालं, कारकुनाने आपुलकीने चहाही विचारला. तक्रारीला जागाच नव्हती. पण घरी पोचेपर्यंत दोन दिवस मोडले, आणि बरोबरच्या मित्राची दोन दिवसांची हातमागावरची मजुरी बुडाली. अंतर म्हणजे काय, ते त्याच्याकडे पाहून कळलं.

हे अंतर कमी करण्यासाठी केगावला शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. एमए, एमएस्सीचे काही वर्ग इथेच भरत. तरी 'केंद्र' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यावरून अजून गोंधळ होतो. केंद्राला स्वतःची अधिसभा (सिनेट) नसते, अभ्यासक्रम ठरवणारं अभ्यासमंडळ नसतं, परीक्षा विभाग नसतो. शिकवणं इथे, निर्णय मुख्यालयात. कुणी त्याला केंद्र म्हणतं, कुणी उपकेंद्र, कुणी उपपरिसर. पाटी बदलली तरी व्यवस्था तीच. केगावच्या माळावर तेव्हा मोजक्या इमारती होत्या. एप्रिलच्या उन्हात महामार्गावर बसची वाट पाहताना सावलीला एखादा कडुलिंब मिळाला तर नशीब.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आलं आणि या केंद्राचा मुख्य परिसर झाला. खरी वादाची गोष्ट इथे सुरू होते. नव्या विद्यापीठाला कार्यक्षेत्र मिळालं फक्त सोलापूर जिल्ह्याचं, म्हणजे अकरा तालुके. शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे उरले. मराठवाड्यातल्या दोन विद्यापीठांकडे प्रत्येकी चार जिल्हे होते. पुढे २०११ मध्ये झालेल्या गोंडवाना विद्यापीठालाही चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन मिळाले.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा पैशाचा होता, आणि तो हलका नव्हता. संलग्न महाविद्यालयांचं विद्यापीठ चालतं ते बऱ्याच अंशी संलग्नता शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर. जिल्हा एक, म्हणजे कॉलेजं कमी, विद्यार्थी कमी, शुल्क कमी. परीक्षा विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांचा खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाही. बाजूने बोलणारे म्हणत, आधी होऊ तर द्या. अक्कलकोट-करमाळ्याच्या पोराला कामासाठी एका दिवसात जाऊन घरी परतता येतं, हेच मोठं. मी पहिल्या दिवसापासून या दुसऱ्या बाजूचा. तरीही हद्द आखताना एक संधी हातची गेली, असं मला ठामपणे वाटतं.

ती संधी म्हणजे शेजारचा धाराशिव जिल्हा या विद्यापीठाला जोडण्याची. तुळजापूर सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटर. तिकडचा माणूस कापड घ्यायला सोलापुरात येतो, दवाखान्याला सोलापुरात येतो, रेल्वे धरायलाही इथेच येतो. त्याच्या कॉलेजचं विद्यापीठ मात्र छत्रपती संभाजीनगरचं, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. कारण जुनं आहे. सोलापूर इंग्रजी अमलातलं, तुळजापूर निजामाच्या राज्यातलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा निजामी मुलखातले जिल्हे त्याच्याकडे जाणं साहजिक होतं. निजामाचं राज्य १९४८ मध्येच गेलं, पण त्याची सीमा विद्यापीठांच्या नकाशावर तशीच राहिली. २००४ मध्ये ती पुसता आली असती. मराठवाड्याची प्रादेशिक अस्मिता, तिथल्या विद्यापीठाची वाटणी होण्याची भीती, हे सगळं मान्य करूनही मला तसं वाटतं. तिकडच्या मुलांना धाराशिवला उपकेंद्र आहे. म्हणजे आम्हाला केगावला जे होतं, तेच.

हद्द लहान राहिली, जागा मात्र मोठी मिळाली: महामार्गालगत सुमारे ४८० एकर. बांधकाम हळूहळू वाढत गेलं. इथे विभागांना 'संकुल' म्हणतात, म्हणजे सामाजिकशास्त्रे संकुल, भाषा व वाङ्मय संकुल वगैरे. नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळतो, कारण गावात संकुल म्हणजे क्रीडा संकुल किंवा व्यापारी संकुल, इमारतींचा अख्खा समूह. इथे ते कधी एखाद्या इमारतीचा एक मजलाही असू शकतं. यामागचा विचार चांगला आहे: जवळचे विषय एका छताखाली यावेत, प्रयोगशाळा आणि शिक्षक एकमेकांना उपयोगी पडावेत.

नावाचा वाद अलीकडचा, बहुतेकांच्या स्मरणात असलेला. अहिल्यादेवी होळकरांचं नाव द्यावं ही एक मागणी, ग्रामदैवत सिद्धेश्वरांचं द्यावं ही दुसरी. दोन्हीकडे मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. मार्च २०१९ मध्ये 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' हे नाव लागू झालं. याला कुणी नामांतर म्हणतं, कुणी नामविस्तार. 'सोलापूर' हा शब्द नावात कायम आहे, त्यामुळे नामविस्तार म्हणणं अधिक नेमकं. या वादात कार्यक्षेत्राचा प्रश्न मागे पडला तो पडलाच.

तुळजापूर रस्त्यावर जिल्ह्याची हद्द ओलांडली की तामलवाडी लागते. तिथून सोलापूर वीस-पंचवीस किलोमीटर, तुळजापूरही साधारण तेवढंच. तिथली मुलगी सकाळी दक्षिणेकडची एसटी धरून सोलापूरच्या कॉलेजात गेली, तर तिच्या पदवीवर केगावचा शिक्का बसतो. उत्तरेकडची धरली, तर संभाजीनगरचा.