केबिन क्रूझर घेताना: पाणी कापणारा तळ आणि पाण्यावर चढणारा तळ

“आम्हाला वेगाची हौस नाही, सहकुटुंब सावकाश फिरायचे आहे,” असे सांगत १५० अश्वशक्तीच्या आउटबोर्डची (मागच्या टोकाला बाहेर टांगलेल्या इंजिनाची) केबिन क्रूझर घेणारे लोक मला वारंवार भेटतात. “आता सावकाश चालते खरी, पण पुढे मोठे इंजिन बसवले की पळेल,” अशा भरवशावर जुन्या लाँचच्या घाटाची नौका घेणारेही भेटतात. दोघांचा घोळ मुळात एकच आहे. नौकेचा वेग इंजिन ठरवते, आणि थ्रॉटल हा गॅसच्या शेगडीच्या बटणासारखा हवा तितका कमी-जास्त करता येतो, असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात वेगाची मर्यादा आधी तळाच्या आकाराने ठरते आणि इंजिनाचा विचार त्यानंतर येतो. सात ते नऊ मीटर लांबीच्या कौटुंबिक केबिन क्रूझरमध्ये पुढे दोघांपुरती झोपण्याची जागा, एक ओटा, एक संडास आणि सुकाणूवर छप्पर एवढे सगळीकडेच सारखे असते. धक्क्यावरून पाहणाऱ्याला पाण्यावरचा भाग दिसतो, आणि खरा फरक तर पाण्याखाली असतो.

पहिला प्रकार म्हणजे डिस्प्लेसमेंट तळ. तो समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला गेलेल्या प्रत्येकाने तो अनुभवला आहे. सहा सागरी मैलांचे अंतर ती लाकडी लाँच तासाभरात कापते, म्हणजे तिचा वेग सहा नॉटच्या, ताशी ११ किलोमीटरच्या आसपास पडतो. तळाला गोलाई असते, मधोमध कणा असतो आणि मागची बाजू वर उचलत निमुळती होत जाते. आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारत नौका पुढे जाते आणि सारलेले पाणी मागे अलगद मिटते. आर्किमिडीजचा हा नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असल्यामुळे तिथे थांबत नाही.

थांबायला हवे ते लाटेपाशी. चालणारी नौका नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उभी करते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते, कारण खोल पाण्यात लांब लाट वेगाने धावते आणि आखूड लाट हळू. लाटेची लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ने गुणले की तिचा नॉटमधला वेग मिळतो. नौकेची पाण्यालगतची लांबी २२ फूट असेल, तर ६.३ नॉटला तिने उभी केलेली लाट बरोबर तिच्याएवढी लांब होते: एक शिखर नाळेशी, दुसरे मागच्या टोकाशी आणि मधल्या खळग्यात नौका. याहून वेग वाढवू गेले की मागचे शिखर आणखी मागे सरकते, नौकेची मागची बाजू खळग्यात उतरते, नाळ वर उठते, आणि नौका स्वतःच उभारलेला चढ चढू लागते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात टॉर्की येथे बांधलेल्या हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाण्याच्या या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला.

अशा नौकेला तिप्पट शक्तीचे इंजिन लावून काही साधत नाही. मागचा गोल भाग पाणी सोडत नाही. पाणी त्या वळणाला धरून वर चढू पाहते आणि त्या ओढीने नौकेची मागची बाजू आणखी खाली खेचली जाते. वेग एखाद्या नॉटने वाढतो, मागे मोठी लाट उठते, शेजारी नांगरलेल्या होडक्यांतून शिव्या येतात आणि डिझेल जळते. लांबट, निमुळत्या कॅटमरानांना ही मर्यादा इतकी जाचत नाही, पण आपल्या रुंद, पोटदार कौटुंबिक नौकेला ती चुकत नाही.

दुसरा प्रकार प्लेनिंग तळाचा. मांडव्याला जाणारी स्पीडबोट या जातीची असते. नाळेशी धारदार असलेला तळ मागे जाताना बराच सपाट होतो, कडांना ठसठशीत कोपरा असतो आणि मागची बाजू सुरीने कापल्यासारखी उभी संपते, जेणेकरून पाणी तिथे चिकटून न राहता सुटून जावे. पुरेशा वेगाला तळाखालचे पाणी नौकेला उचलून धरते, ती स्वतःच्या लाटेवर चढून पलीकडे जाते आणि मग पाण्यावरून सरकू लागते. तिथे ६.३ नॉटचा हिशेब संपतो आणि २०–२५ नॉट सहज मिळतात.

येथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. घोळ होतो तो या दोन अवस्थांच्या मधल्या पट्ट्यात. सात-साडेसात मीटरच्या प्लेनिंग नौकेला सहा नॉटपर्यंत पाणी कापत जाता येते, आणि बारा-चौदा नॉटच्या पुढे पाण्यावरून सरकता येते. मधल्या आठ ते अकरा नॉटांत ती धड इकडची नसते, धड तिकडची नसते. नाळ इतकी वर उठते की सुकाणूवर बसलेल्याला पुढचे पाणी दिसत नाही, मागची बाजू बसते, आणि अर्धे इंजिन चढ चढण्यातच खर्च होते. “हळू चालवली की पेट्रोल वाचते” हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. सहा नॉटला ते खरे आहे. नऊ नॉटला मात्र प्रत्येक मैलामागे सहसा अठरा नॉटहूनही जास्त पेट्रोल जळते. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी हे इंजिन बनवणारे निरनिराळ्या नौकांवरील चाचण्यांचे तक्ते प्रसिद्ध करतात. त्यांतली सर्वाधिक वेगाची शेवटची ओळ सोडून मधल्या दोन-तीन ओळी वाचाव्यात, म्हणजे दर लिटरमागे मिळणारे अंतर मध्येच कसे कोसळते आणि पुढे पुन्हा कसे सावरते, ते दिसेल. विक्रेता या ओळी आपणहून दाखवत नाही.

मुंबईच्या पाण्यात हा मधला पट्टा नुसता कागदावर राहत नाही. गेटवेहून मांडवा सरळ रेषेत सुमारे सात सागरी मैल आहे. हिवाळ्यात सकाळी पाणी तेलासारखे असते आणि प्लेनिंग नौका वीस मिनिटांत पोहोचते. दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात, आणि परतीची वाट नेमकी त्याच दिशेला आहे. त्यातच ओहोटी लागली असेल, तर बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा एकमेकांसमोर येऊन लाटा आखूड आणि उभ्या होतात. वीस नॉटला तळ आपटू लागतो, केबिनमधली भांडी खाली येतात, आजी खांब धरून बसते आणि मुले रडकुंडीला येतात. साहजिकच सुकाणूवरचा माणूस थ्रॉटल मागे घेतो, आणि नौका नेमकी नऊ-दहा नॉटच्या त्या चढावर येऊन अडकते. सरकता येत नाही आणि सहा नॉटवर उतरायला मन धजत नाही, कारण मग तास लागणार. सावकाश फिरण्यासाठी घेतलेली नौका सावकाश जायच्या वेळीच असे दगा देते. लाँचच्या घाटाची नौका त्याच लाटांत नाळ खुपसत, पाणी उडवत, आपल्या सहा नॉटने तासाभराच्या आसपास घरी येते, आणि त्या दिवशी तिचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा, अधिक शांत असतो.

याच मुद्द्याला वजन जोडलेले आहे. माहितीपत्रकातले वजन बहुधा कोरडे, कित्येकदा इंजिनाशिवायचे असते. त्यात सहा माणसांचे ४०० किलो, २०० लिटर पेट्रोलचे दीडशे, पाण्याच्या टाकीचे १००, नांगर आणि साखळीचे ५०, बर्फाची पेटी, डबे, बिछाने मिळवा. दोन टनांच्या नौकेवर सात-साडेसातशे किलो सहज चढतात. डिस्प्लेसमेंट तळाला याचे फारसे काही वाटत नाही, नौका दोन-चार बोटे खाली बसते एवढेच. प्लेनिंग नौकेला मात्र एवढे वजन उचलून पाण्यावर आणायचे असते, म्हणून तिचा मधला पट्टा वरच्या बाजूला रुंदावतो आणि बारा नॉटला सरकणारी नौका पंधरालाही सरकत नाही. एकटा विक्रेता आणि पाव टाकी पेट्रोल घेऊन दाखवलेला वेग हा माझ्या मते शुद्ध खोटेपणा आहे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. प्लेनिंग तळ कडांवर टेकून राहतो, त्यामुळे नांगरलेला असताना सुरुवातीला स्थिर वाटतो, पण त्याचे हेलकावे झटक्याचे असतात. गोल तळ संथ आणि खोल डुलतो, आणि बाजूने लाट आली की पोट ढवळते. लाँच स्थिर असते, हा समज म्हणून सोडून द्यावा. नौकेला ढकलणारा पाण्यातला पंखा कण्याच्या आड असला की जाळ्यांच्या दोरांपासून थोडा वाचतो. आउटबोर्ड वर उचलता येतो, म्हणून त्यात अडकलेला दोर निदान जागच्या जागी काढता येतो. “डीप व्ही”, म्हणजे मागच्या टोकापर्यंत व्हीसारखा खोल राहणारा तळ, हा शब्द दुकानात फार मिरवला जातो. रे हंट या अमेरिकन नौका-आरेखकाने आखलेल्या अशा तळाच्या बर्ट्राम नौकेने १९६०ची मायामी–नसाऊ शर्यत जिंकली, हे खरे. पण तसा खोल तळ लाटांत मऊ चालतो तो अधिक शक्ती खाऊन, आणि उभा असताना जास्त डुलतो. पेट्रोल की डिझेल यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तळ ठरला की हा प्रश्न बहुतांशी आपोआप सुटतो.

‘सेमी-डिस्प्लेसमेंट’ या नावाने तिसरा प्रकारही विकला जातो, आणि त्यात दोन्हींचे फायदे असल्याचे सांगितले जाते. तळ चांगला आखला असेल तर बारा-चौदा नॉटपर्यंत तो मधला चढ सौम्य होतो, हे मान्य आहे. पण त्यासाठी मोठे इंजिन आणि बरेच इंधन लागते, आणि छोट्या नौकेत त्या इंजिनाची जागा झोपण्याच्या जागेतूनच जाते.

माझी निवड विचाराल, तर बंदराच्या आत, खाडीत किंवा गोव्यातल्या मांडवीसारख्या नदीत फिरायचे असेल, तर कण्याचा गोल तळ आणि तीस-चाळीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. डिझेल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटर लागते आणि सहा नॉटला दहा-बारा अश्वशक्ती पुरते, म्हणजे तासाला तीन लिटरांत काम भागते. त्याची उणीवही लपवत नाही: समोरून दोन नॉटचा प्रवाह आला की हातात चारच उरतात, म्हणून भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय निघता येत नाही. मुंबईहून मुरुडपर्यंतचे चाळीसेक सागरी मैल शनिवारी जाऊन रविवारी परतायचे असतील, तर सहा नॉटने एका बाजूलाच साडेसहा तास जातात. तिथे प्लेनिंग नौकाच हवी, पण दुपारच्या वाऱ्याआधी मुक्कामी पोहोचण्याच्या बेताने निघायला हवे. कोणतीही घ्या, चाचणी सकाळी घेऊ नका. घरची सगळी माणसे बसवा, टाक्या भरा, दुपारी तीननंतर वाऱ्याच्या तोंडावर न्या आणि विक्रेत्याला दहा मिनिटे नऊ नॉटवर राहायला सांगा. त्या वेळी सुकाणूच्या खुर्चीत स्वतः बसा आणि नाळेपलीकडचे पाणी दिसते का, ते पाहा.