लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? मशीन आणण्याआधी हे वाचा

‘लिनक्स टाकून द्या, विंडोजही राहू द्या’ असं सांगून आमच्या दुकानात लॅपटॉप ठेवून जाणारे बरेच जण असतात. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी किंवा विंडोजसोबत चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम. ती टाकणं अवघड नाही. ते अडतं बिटलॉकरपाशी, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपापाशी.

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन-इन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते (म्हणजे कुलूपबंद) आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे लिनक्ससाठी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी, बंद केलं, की विंडोज सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी नंबर मागतं. हा नंबर सहसा त्या अकाउंटमध्ये साठवलेला असतो. पण अकाउंट कोणी उघडलं, पासवर्ड काय, ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो, हे शोधण्यातच दिवस जातात. नंबर नसेल तर आतले फोटो-फायली आम्हालाही काढता येत नाहीत. ‘काहीतरी करून उघडा ना’ म्हणून उपयोग नाही, कुलूप त्यासाठीच आहे.

तेव्हा आणण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का, ते पाहा. चालू असेल तर नंबर कागदावर उतरवून आणा. अकाउंटवर जास्त मशीन असतील तर नंबरही अनेक दिसतात, त्यामुळे कोणता नंबर कोणत्या मशीनचा हे ओळखायला सोबतचा की-आयडीही लिहा. (नंबर त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करणारेही भेटतात!) बॅकअप मात्र एन्क्रिप्शन चालू असो वा बंद, हवाच.

आता लिनक्स घ्यावं का? विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे धडधाकट मशीनही बाद ठरतात. ब्राउझर, मेल, व्हिडिओ, साधी पत्रं एवढंच काम असेल तर अशा मशीनवर आम्ही लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार सुचवतो. लायसन्स विकत घ्यावं लागत नाही, सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कोणालाही पाहता-बदलता येतो. पण फोटोशॉप किंवा डेस्कटॉपवरचं एमएस ऑफिस त्यावर थेट चालत नाही. लिनक्सवरचं लिबरऑफिस हे ऑफिस-सॉफ्टवेअर वर्डच्या फायली उघडतं, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल शीट मात्र बिघडू शकतात. रोजचं पोट त्यांवर असेल तर विंडोजच ठेवा, आम्ही आग्रह करणार नाही.

‘लिनक्स फुकट, मग पैसे कसले?’ हाही नेहमीचा प्रश्न. पैसे आमच्या कामाचे. आधी आम्ही डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासतो. प्रिंटर सोबत आणलात तर तोही. मशीन एक दिवस ठेवून घेतो ते यासाठीच. मग बॅकअप, पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) आणि तुमच्या फायली परत जागेवर.

आणि लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या, ती आमच्याकडे मिळते. कित्येकांना त्यानंतर सिस्टीम बदलावीशीच वाटत नाही.