हिरडा: बेळगावच्या बाजारात कसा आला, निवडावा कसा

बेळगावच्या रविवार पेठेत हिरडा मिळतो तो पोटाचं औषध म्हणून. एकोणिसाव्या शतकात मात्र त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं कातडी कमावणाऱ्यांचं. फळाच्या गरात टॅनिन, म्हणजे कातडी कमावणारा तुरट पदार्थ, भरपूर, म्हणून विलायतेतल्या चर्मोद्योगाला तो हवा असे. घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरातून माल जाई, आणि तिकडच्या बाजारात ‘विंगोर्ला’ ही हिरड्याची एक प्रतच ठरून गेली. 1880 च्या दशकाच्या अखेरीस बेळगाव-लोंढा रेल्वे आली आणि घाटरस्त्यांचं महत्त्व उतरलं. पुढे क्रोमच्या क्षारांनी कातडी कमावायची पद्धत रुळली, तशी मागणीही ओसरली. 1956 साली बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात गेला, खानापूर तालुका म्हैसूर राज्यात. एकाच डोंगररांगेचं रान दोन वनखात्यांत वाटलं गेलं.

औषधासाठी घेताना प्रत नीट पाहावी. बाळहिरडा म्हणजे आठळी धरण्याआधीचं कोवळं फळ, सुकून काळं, सुरकुतलेलं. सुरवारी म्हणजे पूर्ण पिकलेला, टपोरा, पिवळसर. चांगला सुरवारी हातात जड लागतो आणि पाण्यात टाकला की बुडतो. तरंगणारा बहुधा किडका किंवा पोकळ असतो. पावसाळी दमटपणा लागला की बुरशी धरते, म्हणून कुबट वासाचा माल स्वस्त असला तरी घेऊ नये.

बाळहिरडा एरंडेलात मंद आचेवर फुगेपर्यंत परततात. नीट फुगला की तो हाताने चुरतो. कच्चा राहिला तर खलात कठीण जातो, आच वाढली तर करपतो. सुरवारीची आठळी काढूनच चूर्ण करावं. त्रिफळ्यात हिरडा, बेहडा, आवळा समभाग घेतात, पण वजन आठळ्या काढल्यावर करायचं असतं. अख्खी फळं तोलली की प्रमाण बिघडतं, कारण प्रत्येकाची आठळी वेगळ्या वजनाची. घरगुती त्रिफळ्यात ही चूक फार होते.

हिरड्याच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर, उन्हाळ्यात गुळाबरोबर घ्यायची जुनी रीत आहे. गरोदर बाईने तो घेऊ नये. फार अशक्त किंवा जुलाबाने कोरडा पडलेल्या माणसालाही देऊ नये. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होतं, म्हणजे त्याचा गुण उतरतो, असं जुने वैद्य मानत, तेव्हा एका वेळी थोडंच कुटावं.